शेजारच्या सोसायटीची एनओसी

‘आमच्या सोसायटीची एनओसी घेतलीच नाही, मग यांना परवानगी मिळाली कशी?’ शेजारच्या मोकळ्या जागेला पत्रे लागले आणि पोकलेन आत शिरला, की पुण्या-ठाण्यातल्या सोसायटीच्या बैठकीत हा प्रश्न हमखास उठतो. विचारणारे पुष्कळदा निवृत्त अधिकारी किंवा इंजिनिअर असतात, त्यामुळे जास्तच वैताग येतो. कारण अशी एनओसी लागतच नाही. कधीच लागत नव्हती.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली जागेचा मालक किंवा विकसक अर्ज करतो आणि कलम ४५ खाली पालिका परवानगी देते किंवा नाकारते. जमीन कोणत्या झोनमध्ये आहे, समोरचा रस्ता किती रुंद आहे, एफएसआय किती बसतो, चारी बाजूंना किती जागा सोडली, हे तपासलं जातं. मुंबई आणि काही भाग सोडले तर डिसेंबर २०२० पासून राज्यात एकच बांधकाम नियमावली, यूडीसीपीआर, लागू आहे. शेजाऱ्याला इमारत आवडली का, हे ती विचारत नाही. कलम ४७ चं अपीलसुद्धा फक्त अर्जदाराला करता येतं. तरीही दीडशे सह्यांचं निवेदन आयुक्तांना जातं, त्यात ‘आमची संमती नाही’ हाच मुख्य मुद्दा असतो, आणि मग ‘सगळे मिळालेले आहेत’ म्हणून हात झटकले जातात.

हा समज बहुधा पुनर्विकासातून आला असावा. तिथे सभासदांची संमती खरोखर लागते. २०१९ च्या शासन निर्णयानं ती ५१ टक्क्यांवर आणली. पण ती आपल्याच इमारतीबद्दलची, कुंपणापलीकडच्या नव्हे.

‘मग जनसुनावणी तरी घ्यायला हवी होती!’ तीही नाही. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, मात्र इमारती आणि टाउनशिप यांना त्याच अधिसूचनेनं जनसुनावणीतून वगळलं आहे. हे वगळणं मला अजिबात पटत नाही. पण वगळलेलं आहे, आणि नसलेला हक्क अर्जात मागितला की असलेल्या हक्काकडे दुर्लक्ष होतं.

असलेले हक्क असे. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती मागवल्या जातात, आणि त्या वेळी कोणाचीही हरकत चालते. मुंबईचा २०१५ चा मसुदा हरकतींच्या गदारोळात सरकारला मागे घेऊन नव्यानं करावा लागला. कोणाच्या दारात किती मजले येणार, हे बऱ्याच अंशी त्या टप्प्यावरच ठरतं, आणि नेमक्या त्याच वेळी सोसायटीचा ग्रुप सुप्रभातचे फोटो पाठवत असतो. पर्यावरण मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे ३० दिवसांत अपील करता येतं. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळू शकतात. पश्चिम भारताचं खंडपीठ पुण्यातच आहे. मंजुरी मिळाल्यावर तिची जाहिरात स्थानिक वर्तमानपत्रात द्यावी लागते, तीसुद्धा स्थानिक भाषेत. ती वाचायला हवी.

न्यायालयानं बांधकामं थांबवली आहेत, पण संमतीच्या मुद्द्यावर नाही. मुंबई महापालिका कचऱ्याचे नियम पाळत नाही म्हणून उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१६ मध्ये नव्या बांधकाम परवानग्यांवर बंदी आणली होती. सर्वोच्च न्यायालयानं ती मार्च २०१८ मध्ये उठवली, तीही अटींसह आणि ठरावीक मुदतीपुरती. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या बांधकामांच्या प्रकरणात २०१७ मध्ये मुद्दा पाण्याचा होता. म्हणून ‘आम्हाला विचारलं नाही’ यापेक्षा ‘आमच्या भागाला मंजूर पाणी किती, प्रत्यक्षात येतं किती, नवे फ्लॅट किती’ हे माहिती अधिकारात विचारलेलं बरं.

बाकीचे गैरसमज लवकर आटोपतात. जागा वर्षानुवर्षं रिकामी आहे म्हणजे ती मैदान नव्हे. पालिकेतून झोन दाखला काढून पाहा. आराखड्यात उद्यानाचं आरक्षण असलं तरी ते कायमचं नसतं. दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ ची नोटीस देतो आणि २४ महिन्यांत काही हाललं नाही तर आरक्षण रद्द होतं. महारेराचा नंबर फ्लॅट घेणाऱ्याच्या संरक्षणासाठी असतो, शेजाऱ्याच्या नाही. पण मंजूर नकाशे महारेराच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात.

आणि ज्यांनी खास डोंगर दिसतो म्हणून जादा पैसे मोजले, त्यांच्यासाठी: १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षं अखंड मिळालेल्या उजेडाचा आणि हवेचा हक्क आहे. तोही फक्त लक्षणीय अडथळा आला तरच उपयोगी पडतो. डोंगर दिसण्याचा हक्क त्यात नाही, आणि ब्रोशरवर डोंगर छापणाऱ्या बिल्डरला तो विकताही येत नव्हता.