तसबिरीतला अश्विनशेठ

पहाटे साडेपाच

गजर लावायची वेळ येत नाही. ग्रुपवरचा पहिला निरोपच जागं करतो. आज तो फाल्गुनरावांचा आहे. "ताई, सोमवारपासून आठवडाभर सेकंड शिफ्ट. तालीम सकाळी घेता येईल का?" फाल्गुनराव कुपवाडच्या एमआयडीसीत सुपरवायझर आहेत. त्यांची बायको कृत्तिका, म्हणजे 'संशयकल्लोळ' नाटकातली, सकाळच्या शाळेत शिकवते. तिला संध्याकाळशिवाय सवड नाही. नवरा-बायकोला एकमेकांवर संशय घेण्यासाठी तरी एका जागी उभं राहायला नको का?

अंथरुणातूनच वही ओढते. या वहीत नाटकाचा एक शब्द नाही. आडव्या ओळीत वार, उभ्या ओळीत माणसं, आणि प्रत्येक चौकटीत कुणाला किती वाजता सवड आहे ते. सांगलीतल्या एका हौशी नाट्यसंस्थेची मी कार्यवाह. रंगमंच व्यवस्था माझ्याकडे, प्रॉम्प्टिंगही माझ्याकडे. पोटासाठी झेरॉक्सचं दुकान आहे. संस्थेत नाटक बसवतात अण्णा. मी माणसं बसवते.

उपाय एकच सुचतो. सकाळच्या तालमीत कृत्तिकेच्या जागी मी उभी राहीन, संध्याकाळच्या तालमीत फाल्गुनरावांच्या जागी. म्हणजे आठवडाभर स्वतःवरच संशय घ्यायचा.

सकाळी सात

सामानाची खोली जुन्या वाड्याच्या वरच्या सोप्यात आहे. पूर्वी खाली होती. २०१९ च्या महापुरात तिथे पाणी शिरलं, शेले आणि अंगरखे चिखलाने घट्ट झाले, लाकडी लेव्हल फुगल्या. तेव्हापासून सगळं वर चढवलं. ऑक्टोबरचं कडक ऊन आमच्या कामाचं: पेटारा उघडायचा, पगड्या, उपरणी, जरीकाठी साड्या गच्चीवर पसरायच्या, डांबरगोळ्या बदलायच्या.

पेटाऱ्याच्या तळाशी फडक्यात बांधलेली तसबीर आहे. 'संशयकल्लोळ' ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, या नाटकातलं खरं मुख्य पात्र ही तसबीरच. अश्विनशेठची ही तसबीर रेवतीच्या हातून रस्त्यात पडते, ती कृत्तिकेला सापडते, ती निरखून पाहत असताना नेमके फाल्गुनराव येतात, आणि पुढचे तीन तास घोटाळा. नाटककार देवलांनी हे नाटक आधी गद्यात लिहिलं, तेव्हा त्याच्या नावातच 'तसबिरीचा घोटाळा' होता. मूळ कल्पना मोलिएरची, १६६० मधल्या फ्रेंच प्रहसनातली, इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे आलेली. पण देवलांनी पुरुषांना महिन्यांची आणि बायकांना नक्षत्रांची नावं दिली, फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, भादव्या, कृत्तिका, रेवती, मघा, आणि सगळं पंचांग असं मराठी करून टाकलं की परकेपणाचा मागमूस राहिला नाही.

गेल्या खेपेचा अश्विनशेठ पुण्याला नोकरीला गेला. यंदाचा नवा आहे, मिरजेच्या एका लॅबमध्ये काम करतो. म्हणजे फोटो बदलायला हवा. मागचा पुठ्ठा चार चुकांनी ठोकलेला. पक्कडीने एकेक उपसते. पुठ्ठा निघतो आणि हातात एक नाही, चार फोटो येतात.

काच सैल बसते म्हणून कुणीतरी जुना फोटो न काढता त्याच्यावरच नवा ठेवला असणार. पुढच्यानेही तेच केलं. वरचा पुण्याला गेलेला. त्याच्याखाली पिवळट पडलेला एक रंगीत चेहरा. हे गृहस्थ आता आमचे खजिनदार आहेत आणि त्यांना डोक्यावर पगडीशिवाय काही उरलेलं नाही. तिसऱ्याच्या अर्ध्या गालावर पुराच्या पाण्याचा तपकिरी डाग. सर्वांत खाली कृष्णधवल फोटो, कडा कुरतडलेल्या. मागे शाईने फक्त '१९७४'. सुलट करून उन्हात धरला. अण्णा! विशीतले. मिशी कोरलेली, मान जरा जास्तच ताठ.

चौघांनाही रुमालात गुंडाळून पिशवीत टाकलं.

सकाळी साडेनऊ

दुकान उघडलं. आधार कार्ड, सातबारा, कॉलेजच्या असाइनमेंट. मधल्या फटीत संस्थेची कामं.

यंदाचा हंगाम चार भागांत मांडलाय. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनाची पूजा आणि नांदी. मग राज्य हौशी नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी; तिथे आमच्याच एका सभासदाचं नवं गद्य नाटक. त्यानंतर स्पर्धेच्या संगीत विभागासाठी 'संशयकल्लोळ', आणि परीक्षांच्या आधी एक बालनाट्य.

पूजा आमच्यासाठी उपचार नाही. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते याच गावात, चिंतामणराव पटवर्धनांच्या दरबारी. राजाश्रय होता. आम्हाला वर्गणी आहे.

गद्य नाटकाच्या संहितेच्या प्रती काढायला घेतल्या. जुन्या नाटक कंपन्यांत नटाला अख्खं नाटक मिळत नसे, त्याची 'नक्कल' मिळे: त्याची वाक्यं, आणि समोरच्याच्या वाक्याचं फक्त शेपूट. हाताने उतरवायचं म्हटल्यावर कोण अख्खं नाटक उतरवणार? आता सगळ्यांना सगळं मिळतं. तरी आमचा भादव्या स्वतःच्या ओळी पिवळ्या रंगवतो आणि बाकीची पानं उघडत नाही. म्हणजे नक्कल गेली कुठे?

एक प्रत वेगळी, चारही बाजूंनी समास सोडून: ती रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जायची. तिथलं प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय प्रयोग नाही. लेखकाचं लेखी परवानगीपत्रही सोबत. घरचा लेखक असला तरी सही घेतेच. घरच्यांचीच राहून जाते.

देवलांची सही घ्यायची नाही, हा 'संशयकल्लोळ' निवडण्याचा एक फायदा. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात आणि देवल गेले १९१६ मध्ये, हे नाटक संगीत होऊन रंगभूमीवर आलं त्याच वर्षी. बैठकीत तरुण पोरांचा जोर 'कट्यार काळजात घुसली'वर होता. अण्णांनी एवढंच विचारलं, "खाँसाहेब कोण गाणार?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. विषय तिथेच मिटला. आणि देवल हरिपूरचे, म्हणजे आमच्या शिवेवरचे. चिंचांच्या रस्त्याने फिरायला गेलं तरी त्यांचं गाव लागतं.

दुपारी बारा

नाट्यगृहाच्या खिडकीशी तारखांचं पान उघडलंय. रंगीत तालमीसाठी एक दिवस हवा, पूर्ण. शनिवार-रविवार लग्नांनी, स्नेहसंमेलनांनी आणि पुण्या-मुंबईच्या व्यावसायिक नाटकांनी धरलेले. उरतो मंगळवार. मंगळवारी कोण मोकळं? वही उघडली. तबलजी नाही, रेवतीच्या मुलीची परीक्षा आहे, प्रकाशयोजनावाला चालेल म्हणतोय. आधी 'टिपून ठेवा' म्हटलं, मग फोन लावत बसले. रेवतीच्या सासूबाई म्हणाल्या, "मी बसते की नातीजवळ. पण पहिल्या रांगेतला पास पाहिजे." मंगळवार पक्का झाला.

कुणी विचारलं की नाटक कसं निवडता, तर आम्ही विषय, आशय असलं काहीतरी बोलतो. खरं उत्तर त्या सासूबाई आहेत.

दुपारी अडीच

दुकान भाच्याच्या हवाली करून स्कूटीवरून मिरज. पुढे पायांत तंबोरा उभा, गवसणीत. रेवतीचा सूर काळी चार, अश्विनशेठचा काळी एक. दोघांत मिळून दोन तंबोरे लागतात आणि त्यातला एक महिनाभर नुसता घणघणतोय.

सतारमेकरांच्या गल्लीत भिंतीला भोपळे टांगलेले असतात, पंढरपूरकडून येतात ते. कारागीर तंबोरा मांडीवर घेतात, एक तार छेडतात, कान घोडीजवळ नेतात आणि मान हलवतात. जवारी गेलीय. घोडीचा पृष्ठभाग तारांच्या घासण्याने दबलाय. कानशीने दोन-तीन हात, फुंकर, पुन्हा तार. मग तारेखाली सुताचा दोरा केसभर पुढे सरकवतात. एका जागी आवाज मुका आहे. तिथून केसभर पुढे गेला की अचानक आत कुणी दिवा लावावा तसा सूर उघडतो. आणखी केसभर गेला की पुन्हा पत्रा.

"कशाचा आहे प्रयोग?"

"संशयकल्लोळ."

"मग दोरा हलू देऊ नका."

याच मिरजेत १९०५ मध्ये बालगंधर्व पहिल्यांदा शकुंतला होऊन उभे राहिले. तेव्हा नायक-नायिका दोघेही पुरुष. आता नायिका बाई आहे, म्हणून पद संपलं की पेटीवाल्याची पट्टी बदलण्याची धांदल आणि तंबोऱ्यांची अदलाबदल. हा त्रास हवाहवासा आहे.

संध्याकाळी साडेपाच

अण्णांच्या ओसरीवर चहा आणि भडंग. हिशोबाची वही खजिनदारांकडे, माणसांची माझ्याकडे. खजिनदार म्हणतात, दोन्ही नाटकांना एकच सेट फिरवा, दारं-खिडक्या रंगवून घ्या. अण्णांचं म्हणणं, फाल्गुनरावाच्या दिवाणखान्यात आजच्या फ्लॅटची खिडकी दिसली तर लोक हसतील, आणि नको तिथे हसतील. शेवटी तडजोड: दार एकच, चौकट दोन. स्पर्धेत सेट सकाळी लावायचा, रात्री काढायचा, दुसऱ्या दिवशी तिथे दुसरी संस्था उभी. म्हणून जे टेम्पोत एका खेपेला मावतं तेच आमचं नेपथ्य.

फोटोंचा विषय मी काढत नाही.

रात्री आठ

शाळेच्या हॉलमध्ये तालीम. खडूने आखलेला रस्ता, दोन बाकं म्हणजे फाल्गुनरावांचं घर. आज शनिवार, सगळे हजर. सेकंड शिफ्टच्या आधीचा हा शेवटचा मोकळा दिवस, त्यामुळे अण्णांनी तसबिरीचाच प्रवेश घेतलाय.

कृत्तिकेने तसबीर उचलायची, बघायची, दोन वाक्यं बोलायची. ती वहीचा पुठ्ठा हातात धरून बोलते. पाचव्यांदा अण्णा थांबवतात. "तू पुठ्ठा बघतेस. पुरुष बघ."

"अण्णा, पुठ्ठाच आहे की हो हा."

"तसबीर कुठाय?"

सगळे माझ्याकडे बघतात. रिकामी चौकट पिशवीत, फोटो रुमालात. बाल्कनीतून चेहरा दिसत नाही, कुणाचाही लावा, असं मी म्हणून पाहिलं. अण्णा म्हणाले, "बाल्कनीला दिसत नाही. हिला दिसतो."

रात्री दहा

तालीम संपल्यावर नव्या अश्विनशेठला पगडी चढवली, मागे साडी धरली, मोबाइलवर फोटो काढला. पोरगा लाजतोय. भादव्या म्हणाला, "लॅबमध्ये रिपोर्टवर लावतात तसला नको, जरा प्रेमात पडल्यासारखा बघ." चौथ्या फोटोत तो कृत्तिकेकडे नाही, रेवतीकडे बघून हसला. तोच घेतला. दुकान उघडून छापून आणला.

मग रुमाल सोडला. गर्दी झाली. खजिनदार स्वतःच्या केसांकडे बराच वेळ बघत राहिले. कृष्णधवल फोटो हातोहात फिरत अण्णांपाशी पोचला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो डोळ्यांजवळ नेला. हॉलमध्ये कुणी बोललं नाही.

"पगडी डावीकडे कललीय," ते म्हणाले. "दिग्दर्शकाने बघायला नको होतं?"

पाचही फोटो एकावर एक ठेवून पुठ्ठा लावला तर तो बसेना. जुन्या चुका आखूड पडतात, लाकडात धरत नाहीत. "खालचा एखादा काढा की," कुणीतरी म्हणालं. कुठला, ते कुणी सांगेना.

अण्णा चप्पल घालत होते. "चुका लांब आण," म्हणाले आणि निघाले.

रात्री साडेअकरा

वही. सोमवार सकाळ सात: फाल्गुनराव, कृत्तिकेच्या जागी मी. सोमवार संध्याकाळ: कृत्तिका, फाल्गुनरावांच्या जागी मी. मंगळवारच्या रंगीत तालमीसमोर: सासूबाईंचा पास, रांग पहिली. परिनिरीक्षणाची प्रत पोस्टाने. तंबोऱ्याला हात लावू नये अशी पाटी.

आणि सगळ्यांत खाली, विसरू नये म्हणून दोनदा अधोरेखित: चुका, पाऊण इंची, एक पुडी.