एक नाणं, पण ठरवणार कोण?

म्हापशातल्या कितीतरी घरांत कुणीतरी एकजण पोर्तुगालला असतोच. त्याच्या खिशातला युरो नेमका कुणाचा? पोर्तुगालचा की जर्मनीचा? दोघांचाही, आणि एकट्या कुणाचाच नाही. हे विचित्र वाटेल, पण दोन राज्यांचं नाणं जुळवण्याचा एक प्रयोग आपल्या गोव्यातही झालेला आहे.

1878 मध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांनी तह केला. 1880 पासून बारा वर्षं गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधली जकात उठली, आणि नाणंही जुळवलं गेलं. गोव्याच्या नव्या रुपियावर चेहरा राजा दों लुईशचा, पण वजन आणि चांदी ब्रिटिश रुपयाएवढी. पाडला तोही ब्रिटिशांच्या टांकसाळीत. आधी 600 रेइशांचा असलेला रुपिया आता 960 चा झाला, म्हणजे सोळा तांगा (घोड्याचा नव्हे!), जसे रुपयाचे सोळा आणे. व्यापाऱ्याला सोयीचंच. पण नाण्याची सूत्रं गोव्याच्या हातात राहिली नाहीत. शिवाय त्याच तहाने मिठाचा मक्ता ब्रिटिशांकडे गेला. गोवा सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळाले, मिठागरांवर पोट भरणाऱ्यांचे मात्र हाल झाले. 1892 मध्ये तह संपला.

युरोत वेगळं काय? तिथे राष्ट्रीय बँका बंद केल्या नाहीत, त्यांना कामाला लावलं. फ्रँकफर्टच्या युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या मंडळावर युरो वापरणाऱ्या प्रत्येक देशाच्या बँकेचा गव्हर्नर बसतो. 2015 पासून मतदान पाळीपाळीने होतं, पण चर्चेला सगळे असतात. व्याजदर सर्वांना एकच. तो अमलात आणायचा आपापल्या देशातल्या बँकांमार्फत. नोटा छापायचं कामही वाटून घेतलेलं.

खरी गंमत हिशेबात आहे. समजा लिस्बनच्या दुकानदाराने जर्मनीतून यंत्र मागवलं. त्याच्या बँकेचे पैसे पोर्तुगालच्या राष्ट्रीय बँकेतल्या खात्यातून कमी होतात, आणि जर्मन बँकेच्या खात्यात जर्मनीची बुंडेसबँक तेवढे जमा करते. नोटांची पेटी कुठेच जात नाही. फ्रँकफर्टच्या वहीत फक्त लिहिलं जातं: पोर्तुगालचं देणं, जर्मनीचं येणं. वाण्याकडच्या उधारीच्या वहीसारखंच, फक्त वाणी इथे सगळ्यांच्या मालकीचा. 2011-12 च्या संकटात लोक घाबरून पैसा जर्मनीकडे हलवू लागले, तेव्हा ही येणी-देणी प्रचंड फुगली, पण व्यवहार थांबले नाहीत.

म्हणून मला 1880 च्या व्यवस्थेपेक्षा ही बरी वाटते. तरी मंडळावर खुर्ची असली म्हणजे सगळं भागतं असं नाही. स्वतःचा एश्कुदो असता तर पोर्तुगालला त्याची किंमत उतरवून निर्यात स्वस्त करता आली असती. युरोत ती वाट बंद होती. 2011 मध्ये 78 अब्ज युरोंची मदत घ्यावी लागली, आणि तिच्या अटींची झळ पगारांना आणि पेन्शनींना बसली.