पदवी वेगळी, परवाना वेगळा : स्थावर मालमत्ता क्षेत्रातील शिक्षणाविषयी

बारावीनंतर ‘रिअल इस्टेट’चा अभ्यासक्रम घ्यावा काय, अशी चौकशी अलीकडे काही पालक आमच्याकडे करतात. जमिनीच्या व्यवहाराशी कधीच संबंध आला नाही असे ख्रिस्ती कुटुंब वसईत विरळाच. तेव्हा ही चौकशी स्वाभाविक आहे. मात्र या क्षेत्रात पदवी आणि परवाना या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

स्थावर संपदा अधिनियम २०१६ साली संमत झाला व १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला. नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिका किंवा भूखंड विकून देणाऱ्या एजंटाने ‘महारेरा’कडे नोंदणी करणे त्यानुसार बंधनकारक आहे. विनानोंदणी काम करणाऱ्यास दररोज दहा हजार रुपये दंड होतो व तो मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. जानेवारी २०२३ मध्ये महारेराने एजंटांसाठी २० तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. यासाठी रिअल इस्टेटची पदवी लागत नाही.

मूल्यनिर्धारकाचे तसे नाही. कंपनी कायद्याखाली ‘जमीन व इमारत’ या वर्गात नोंदणी हवी असेल, तर स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र किंवा नगररचना यांची पदवी व त्यानंतर ५ वर्षांचा अनुभव लागतो. पदव्युत्तर शिक्षण झाले असल्यास ३ वर्षे पुरतात. स्थावर मालमत्तेच्या मूल्यांकनातील पूर्णवेळ पदव्युत्तर अभ्यासक्रमही येथे ग्राह्य धरला जातो. त्यापुढे ५० तासांचा अभ्यासक्रम व परीक्षा असते. म्हणून मुलाचा ओढा या कामाकडे असेल, तर बारावीनंतर प्रथम अभियांत्रिकी किंवा वास्तुशास्त्राचाच विचार करावा.

मग ज्याला एजंटच व्हायचे आहे, त्याने शिकावे कशाला? २०२५ च्या आरंभापर्यंत नालासोपाऱ्यात न्यायालयाच्या आदेशाने ४१ अनधिकृत इमारती पाडण्यात आल्या. सांडपाणी प्रकल्प व कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवर त्या उभ्या होत्या. तेथे आयुष्याची पुंजी घालून घर घेतलेली माणसे रस्त्यावर आली. विकास आराखड्यातील आरक्षण पाहणे, सातबारा व जुने फेरफार वाचणे, बिनशेती आदेश आणि बांधकाम परवानगी पडताळणे, हे ज्याला येते तो एजंट अशा घराची दलाली स्वीकारणार नाही. (येत असूनही स्वीकारणारे असतात, त्यांच्यासाठी अभ्यासक्रम नाही, आठवी आज्ञा आहे.) २० तासांत हे सारे अंगवळणी पडेल असे आम्हांस वाटत नाही. भूमी अभिलेख, मालमत्ता हस्तांतरण कायदा, नोंदणी व मुद्रांक शुल्क यांचा सविस्तर अभ्यास असलेला अभ्यासक्रम म्हणूनच उपयुक्त ठरतो.

प्रवेशापूर्वी विषयांची यादी मागून घ्यावी. केवळ विक्रीकला आणि जाहिरात शिकवणाऱ्या संस्थांचे शुल्कही काही कमी नसते. विद्यापीठास मान्यता आहे की नाही, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत पाहता येते. आणि ‘परवान्याची हमी’ देणाऱ्या संस्थेस, तो परवाना नेमका कोणत्या प्राधिकरणाचा, असे लेखी विचारावे.