हिरव्या मिरचीचा भाव पडलाय? प्लॉट मोडण्याआधी हे वाचा



आवक वाढली की हिरव्या मिरचीचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. तोडणीची मजुरी, पोतं, गाडीभाडं, हमाली वजा जाता हातात काही उरत नाही. मग कुणी तोडा अर्धवट सोडतं, कुणी प्लॉटात मेंढ्या घालतं. तसं करण्याआधी दहा मिनिटं बसून हिशेब करा.

*१) हिशेब*
पूर्ण पिकलेली लाल ओली मिरची सुकली की साधारण पाव वजन उरतं. म्हणजे चार किलोची एक किलो. समजा, सुक्या मिरचीला 120 रुपये किलो भाव आहे. तर ओल्या लाल मिरचीचे किलोला 30 रुपये पडले. त्यातून वाळवणी आणि निवडणीची मजुरी वजा करा आणि उरलेला आकडा हिरवीच्या आजच्या निव्वळ भावाशी ताडून बघा. फायदा दिसला तर काही ओळी लाल व्हायला सोडा. सगळा प्लॉट सोडू नका, कारण झाडावर फळं पिकायला ठेवली की नवीन फूल कमी लागतं.

हिरवीच तोडून वाळवायचा मोह टाळा. ती पांढरट पडते आणि तिला कुणी विचारत नाही.

*२) औषधाचा काळ पाळा*
शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस थांबायचं ते औषधाच्या लेबलवर लिहिलेलं असतं. वाळवल्यानं औषधाचा अंश निघून जाईल असं धरून चालू नका. मिरचीतलं पाणी उडतं, पण औषध बऱ्याच अंशी मागे राहतं आणि कमी वजनात जास्त साठतं. घरात खायची मिरची असली तरी हाच नियम.

*३) घरासाठी: लोणचं, सांडगी, ठेचा*
_लोणचं:_ मिरच्या धुवून सावलीत पूर्ण कोरड्या करा. एक किलोला साधारण 200 ग्रॅम मीठ, 100 ग्रॅम मोहरीची डाळ, थोडी मेथीपूड, हळद, हिंग आणि दहा-बारा लिंबांचा रस घ्या. तेल कडकडीत तापवून पूर्ण गार झाल्यावरच घाला. बरणी आणि चमचा कोरडे हवेत.

_सांडगी मिरची:_ जाड आणि कमी तिखट मिरची घ्या. उभी चीर देऊन मिठाच्या आंबट ताकात रात्रभर भिजवा, दिवसा उन्हात घाला. असं दोन-तीन दिवस करा. नंतर कडकडीत वाळेपर्यंत ऊन द्या.

_ठेचा:_ यात पाण्याचा अंश असतो, म्हणून लागेल तेवढाच करा आणि फ्रीजमध्ये ठेवा. कच्चा लसूण-मिरची तेलात बुडवून बंद बरणीत बाहेर ठेवू नका. हवा नसलेल्या जागी घातक जंतू वाढू शकतात आणि त्याचा वास किंवा चव कळेलच असं नाही.

*४) वाळवण: इथंच माल बिघडतो*
नंदुरबारच्या मिरची पथाऱ्यांवर एका अवकाळी पावसानं काय नुकसान होतं ते आपण बघितलंय. पाऊस आपल्या हातात नाही, पण पुढच्या गोष्टी आहेत:

▪️ मिरची झाडावरच पूर्ण लाल, थोडी सुरकुतलेली झाली की तोडा. फळकुजीचे डाग पडलेली, फुटलेली, किडकी मिरची तिथंच वेगळी करा. एक सडकी मिरची ढिगाला बाधते.
▪️ उघड्या मातीवर किंवा शेणानं सारवलेल्या अंगणात थेट टाकू नका. स्वच्छ ताडपत्री, सिमेंटचा ओटा किंवा जाळीची मांडणी वापरा.
▪️ थर दोन-तीन इंचाचाच ठेवा. दिवसातून दोनदा हलवा.
▪️ संध्याकाळी गोळा करून झाका. दव उतरल्यावरच सकाळी पुन्हा पसरा.
▪️ कडक उन्हात साधारण दहा-पंधरा दिवस लागतात. सोलर ड्रायर असेल तर काम लवकर होतं, दव-धुळीची भीतीही कमी.
▪️ देठ कटकन मोडला आणि हलवल्यावर आत बी खुळखुळलं की मिरची वाळली समजा. ओलावा 11 टक्क्यांच्या वर नको.

*५) पाणी मारू नका*
हे जरा स्पष्टच सांगतो. विकायच्या आधी मिरची तुटू नये म्हणून, किंवा वजन भरावं म्हणून पाणी शिंपडायची पद्धत आहे. तिच्यामुळंच बुरशी येते. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, जे यकृताला घातक आहे. ते तळून, भाजून किंवा दळून जात नाही. बुरशी झाडून टाकली तरी विष आत राहतं. आपल्या देशात मसाल्यांत एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोला 30 मायक्रोग्रॅम आहे, युरोपात सुक्या मिरचीसाठी 10. एका पोत्यामुळं सगळ्यांचा एकत्र केलेला माल नाकारला जाऊ शकतो. वजनात मिळालेले चार पैसे मग दसपट जातात.

*६) साठवण आणि विक्री*
पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर ठेवा. उन्हात आणि उष्णतेत रंग उडतो. सुकी मिरची अख्खी जास्त टिकते, म्हणून तिखट दोन-तीन महिन्यांपुरतंच दळा.

घरी खायला परवाना लागत नाही. पण पाकीट करून तिखट किंवा लोणचं विकायचं असेल तर अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी आणि नीट लेबल हवं. रंग मिसळणं हा गुन्हा आहे. आपला लाल रंग झाडावर पिकलेल्या मिरचीतून आला पाहिजे.

*जाता जाता:* मिरची हाताळताना हातमोजे आणि तोंडाला रुमाल असू द्या. हात भगभगले तर नुसतं पाणी लावून उपयोग नाही. आधी खोबरेल तेल चोळा, मग साबणानं धुवा. डोळ्याला मात्र तेल-साबण लावू नका, तिथं भरपूर स्वच्छ पाणी.

ताई, दादा, यंदा वाळवण घालणार असाल तर पहिल्या दिवशीच ताडपत्रीचा आणि मिरचीचा फोटो मला वैयक्तिक पाठवा. थर जाड आहे का, ओलावा जास्त आहे का, हे तेव्हाच बघता येतं. पोत्यात भरल्यावर फार उशीर झालेला असतो.

तुमचा पीक सल्लागार