वेलचेरीतील ‘चेरी’: एका नगरभागाच्या आद्य वसाहतीचा शोध

मद्रास शहराचा इतिहास सामान्यतः 1639 पासून सांगितला जातो. त्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीला किनाऱ्यावरील जागा मिळाली आणि तेथे पुढे सेंट जॉर्ज किल्ला उभा राहिला. परंतु आजच्या चेन्नईचे अनेक भाग या किल्ल्याहून कितीतरी प्राचीन आहेत. मैलापूर, तिरुवल्लिक्केणी, तिरुवान्मियूर ही मूळची स्वतंत्र गावे असून नगर त्यांच्यापर्यंत मागाहून पोहोचले. दक्षिणेकडील वेलचेरी हे त्यांपैकीच एक होय. तेथील सेल्लियम्मन आणि दंडीश्वर या मंदिरांत चोळकालीन शिलालेख असून त्यांतील काही दहाव्या शतकातील आहेत. तेव्हा या गावाचे आद्य वसाहतकार कोण, या प्रश्नाचा विचार नगराच्या नव्हे, तर गावाच्या साधनांवरून केला पाहिजे. या साधनांत गावाचे नाव हेही एक साधन आहे.

या नावाच्या दोन व्युत्पत्ती सांगितल्या जातात. स्थलपुराणानुसार वेदांनी येथे शिवाची आराधना केली. म्हणून हे स्थान ‘वेदश्रेणी’, आणि त्याचा अपभ्रंश वेलचेरी. शिलालेखांत मात्र ‘वेळिच्चेरी’ असे रूप आढळते. तमिळमध्ये ‘वेळि’ म्हणजे मोकळी किंवा बाहेरची जागा आणि ‘चेरी’ म्हणजे वस्ती. स्थलपुराण नावाला पावित्र्य देते, तर शिलालेख त्याला जमिनीवर आणतो. गावाला ‘चतुर्वेदीमंगलम्’ हे बिरुदही लाभले होते. त्यावरून येथे वेदाध्यायी ब्राह्मणांना भूमिदान झाले असावे असे दिसते, आणि वेदश्रेणीच्या कथेमागील सामाजिक आधारही त्यातून स्पष्ट होतो.

‘चेरी’ या शब्दाचा प्रवास विशेष उद्बोधक आहे. कन्नडमधील ‘केरी’ हा शब्द याच कुळातील असून त्याचा अर्थ गल्ली किंवा आळी असा होतो. पुदुच्चेरी म्हणजे केवळ नवी वस्ती. कांचीपुरम् जिल्ह्यातील उत्तरमेरूर हेही एक चतुर्वेदीमंगलम् होते. पहिल्या परांतकाच्या काळातील, 919 आणि 921 या वर्षांच्या तेथील प्रसिद्ध शिलालेखांत ग्रामसभेच्या समित्या निवडण्याची रीत नोंदली आहे. त्या गावात बारा चेरी होत्या आणि समित्यांवरील प्रतिनिधित्व त्यांच्या हिशेबाने ठरत असे. येथे चेरी म्हणजे ब्राह्मण ग्रामाचा एक विभाग होय. शब्दाला हीनत्वाचा स्पर्शही नाही.

त्यानंतर एका शतकाच्या आत तंजावरच्या पहिल्या राजराजाच्या लेखांत निराळे चित्र दिसते. मंदिराला दिलेल्या गावांचा महसूल मोजताना ज्या जागांवर कर नाही त्या वगळल्या आहेत. वगळलेल्या जागांत कारागिरांची कम्माणच्चेरी, परिटांची वण्णारच्चेरी, ताडी काढणाऱ्यांची ईळच्चेरी, परैयांची परैच्चेरी आणि ‘अस्पृश्यांची’ तीण्डाच्चेरी यांचा उल्लेख येतो. या वस्त्या लेखात शिरल्या त्या केवळ वजाबाकीच्या रकमेत. तेथे राहणाऱ्यांची नावे कोरली गेली नाहीत. पण ते तेथे राहत होते, एवढे मात्र दगडावर राहिले.

पुढे या शब्दाचा अर्थ संकुचित होत गेला. आजच्या तमिळमध्ये ‘ऊर’ म्हणजे सवर्णांचे गाव आणि ‘चेरी’ म्हणजे दलितांची वस्ती, अशी जोडी रूढ आहे. गाव आणि गावकुसाबाहेरची वस्ती हा भेद मराठी वाचकाला अपरिचित नाही. मराठीत ‘वाडा’ हा शब्द 1732 मध्ये पूर्ण झालेल्या शनिवारवाड्यालाही लागतो आणि महारवाड्यालाही. शब्द दोन्ही टोकांना टिकून राहिला. तमिळमध्ये मात्र स्थलनामे वगळता एकच टोक उरले.

वेलचेरीचे जीवन पाण्यावर अवलंबून होते. गावाला मोठे तळे होते आणि दक्षिणेस पळ्ळिक्करणैची पाणथळ भूमी. उत्तरमेरूरसारख्या सभांत तळ्याच्या देखरेखीसाठी स्वतंत्र समिती असे. पण समितीवर येण्यासाठी करपात्र जमीन, स्वतःचे घर आणि वेदज्ञान या अटी होत्या. बांध घालणाऱ्या व गाळ उपसणाऱ्या हातांना तेथे स्थान नव्हते. चोळ लेखांत ‘वेट्टि’ नावाच्या सक्तीच्या श्रमाचा वारंवार उल्लेख येतो. संस्कृत ‘विष्टि’पासून आलेला हा शब्द मराठी ‘वेठ’चा सख्खा भाऊ होय. म्हणून दानपत्रात ज्यांची नावे आहेत तेच आद्य वसाहतकार, असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. दान मिळालेली भूमी कोणीतरी आधी लागवडीस आणलेली असते.

2007 मध्ये उपनगरी रेल्वे वेलचेरीपर्यंत आली. तळ्याच्या व पाणथळीच्या कडेने इमारती वाढल्या. डिसेंबर 2015 च्या महापुरात या भागात पाणी शिरले, तेव्हा जमिनीचा जुना उतार पुन्हा दिसू लागला. पळ्ळिक्करणैला रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला तो 2022 मध्ये.

वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर 2020 मध्ये घेतला. तमिळनाडूत एप्रिल 2025 मध्ये ‘कॉलनी’ हा शब्द सरकारी दफ्तरातून वगळण्याची घोषणा झाली. कारण तोही दलित वस्तीचा निदर्शक बनून अवमानाचे चिन्ह ठरला होता. जिवंत माणसांच्या पत्त्यावरून अवमान पुसला जावा हे न्याय्यच आहे. परंतु अभ्यासकाचे काम याच्याही पुढे जाते. ‘कॉलनी’ हाही मुळात वसाहत एवढ्याच अर्थाचा शब्द होता; चेरीची गत हजार वर्षांत झाली, त्याची फार थोड्या काळात. शब्द बदलला तरी ऊर आणि चेरी यांमधील अंतर आपोआप मिटत नाही, हीच वेलचेरीच्या नावातील साक्ष होय. ज्यांचे नाव दगडावर नाही अशा वसाहतकारांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग या एका शब्दातून जातो.