मिस्त्रींच्या वर्कशॉपचे पुढे काय?

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडी नांगरासाठी प्रसिद्धी पावलेल्या त्या उद्योगाने दक्षिण महाराष्ट्रात यंत्रकारागिरीची परंपरा रुजविण्यास मोठा हातभार लावला. पुढे कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिने व त्यांचे सुटे भाग घडविणारी लहान वर्कशॉपे दाटीने उभी राहिली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर शिरोली, गोकुळ शिरगाव यांसारख्या वसाहतींतून हे काम विस्तारले. तालुक्याच्या गावीही एखादा लेथ फिरू लागला आणि पंपाचा शाफ्ट किंवा उसाच्या चरकाचा बुश बदलून घेण्यासाठी शेतकऱ्याला शहर गाठण्याची गरज उरली नाही.

या परंपरेतील जी पिढी १९७०च्या दशकात लेथवर उभी राहिली, ती आज सत्तरीच्या घरात आहे. मुलगा पुण्यास नोकरीत, मुलगी सासरी, आणि शेडमध्ये दोन लेथ, एक शेपर, एक ड्रिलिंग मशीन, एक ग्राइंडर व वीस वर्षे सोबत असलेला एखादा टर्नर, असे चित्र अनेक ठिकाणी दिसते. मिस्त्री हिंडते-फिरते आहेत तोवर पुढील व्यवस्थेचा विषय काढणे घरच्यांना अप्रशस्त वाटते. मग एखाद्या आजारपणात शेडला कुलूप लागते. घाटमाथ्यालगतच्या दमट हवेत एक पावसाळा बिनतेलाचा गेला की लेथच्या बेडवर गंज धरतो, मोटारीच्या वेटोळ्यांत ओल शिरते, वीजबिल थकून जोडणी तुटते. त्यानंतर येणाऱ्या गिऱ्हाइकाला यंत्र चालवून पाहता येत नाही, म्हणून तो किलोचा भाव सांगतो. वर्कशॉप पुढे चालवावयाचे असो, विकावयाचे असो की बंद करावयाचे असो, निर्णय यंत्रे फिरत असताना आणि मिस्त्री स्वतः सांगू शकत असतानाच घेणे हिताचे आहे.

शेडमध्ये नेमके काय आहे?

पहिले काम मोजदादीचे. प्रत्येक यंत्राचा बनविणारा कारखाना, बेडची लांबी, चकचा आकार, मोटारीची अश्वशक्ती आणि खरेदीचे बिल यांची नोंद करावी. वापरलेल्या लेथची खरी परीक्षा रंगावरून होत नाही. फूटभर लांबीचा बार टर्निंग करून त्याच्या दोन्ही टोकांस मायक्रोमीटर लावला, की बेड चकजवळ किती झिजला आहे याचा बराच अंदाज येतो. एकदा आटे पाडून पाहिले, की लीड स्क्रू व गिअर यांची अवस्थाही कळते. अशी चाचणी ग्राहकासमोर देता आली तर टनभराच्या यंत्राला भंगाराहून कितीतरी चांगली किंमत मिळते. डिव्हायडिंग हेड, फोर-जॉ चक, रीमर, टॅप-डाय, मायक्रोमीटर हे सुटे सामान लेथसोबत फुकट देण्याची चूक सर्रास होते. त्याची यादी व किंमत वेगळीच करावी.

यापुढचा भाग अधिक अवघड आणि अधिक मोलाचा. भिंतीवर तारेत ओवलेले नमुन्याचे बुश, पत्र्याचे गेज, कोपऱ्यातील लाकडी पॅटर्न, कोणत्याशा भागासाठी वेल्डिंग करून घरीच केलेले फिक्श्चर यांवर सहसा कोणतेच नाव नसते. घरच्यांना ते भंगार वाटते. वास्तविक तोच मिस्त्रींचा ग्राहकवर्ग होय. कोणता बुश कोणाच्या पंपाचा, मापात किती सूट ठेवावयाची, चेंज गिअरचा तक्ता पुसट झालेल्या जुन्या लेथवर इंचाला अकरा आट्यांसाठी कोणती चाके जोडावयाची, हे सारे एकाच माणसाच्या स्मरणात असते. रोज संध्याकाळी तासभर त्यांच्याजवळ बसून प्रत्येक वस्तूस चिठ्ठी बांधावी आणि ते सांगतील ते वहीत उतरून घ्यावे. हल्ली मोबाइलवर चित्रणही करता येते. काही पॅटर्न व नमुने ग्राहकांच्या मालकीचे असतात. ते विक्रीच्या यादीत जाता कामा नयेत.

हिशेबही याच वेळी तपासावा. वर्कशॉप ‘बरे चालते’ असे म्हणताना मिस्त्रींचे स्वतःचे श्रम आणि स्वतःच्या शेडचे भाडे बहुधा खर्चात धरलेले नसते. टर्नरचा प्रचलित पगार व जागेचे भाडे वजा केल्यावर काही उरते का, हे पाहिल्याशिवाय मुलाने नोकरी सोडून येण्याचा विचार करू नये.

मालकी आणि वारसा

जो माणूस रोज लेथवर उभा राहतो तोच वारस, असा समज खेड्यापाड्यांत आढळतो. कायद्याची दृष्टी निराळी आहे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायदा, १९५६ अन्वये पुरुषाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई यांना समान हिस्सा मिळतो. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेतही २००५च्या दुरुस्तीने मुलीला मुलाबरोबरीचा हक्क दिला आहे. निपुत्रिक चुलत्याच्या वर्कशॉपमध्ये पुतण्याने उमेदीची वीस वर्षे घातली असली, तरी काकू हयात असताना त्याला वारस म्हणून काहीच मिळत नाही. काकू व आजी-आजोबा नसले तरी चुलत्याचे भाऊ-बहीण त्याच्या आधी येतात. अशा ठिकाणी दोन साक्षीदारांच्या सह्यांचे मृत्युपत्र हाच सरळ उपाय होय.

हयातीतच बक्षीसपत्र करावयाचे असल्यास दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. मुलांना वा नातवंडांना घर किंवा शेतजमीन बक्षीस देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे. ही सवलत औद्योगिक शेडला लागू नाही. दुसरे असे की, ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाविषयीच्या २००७च्या कायद्यातील कलम २३ अन्वये, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मिळविता येते. ही अट दस्तातच स्पष्ट लिहिलेली असावी.

महामंडळाचा भूखंड सामान्यतः ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेला असतो. तो परस्पर विकता येत नाही, हस्तांतरास महामंडळाची परवानगी लागते. गावातील शेडबाबत ग्रामपंचायत सदस्यांनी एक खुलासा आवर्जून करावा. नमुना आठचा उतारा ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे.

वस्तू व सेवा कराची नोंदणी मालकाच्या पॅनवर असते. एकल मालकाच्या निधनानंतर धंदा चालविणाऱ्या वारसास स्वतःची नवी नोंदणी घ्यावी लागते, आणि शिल्लक राहिलेले कराचे क्रेडिट आयटीसी-०२ या नमुन्याद्वारे जुनी नोंदणी रद्द होण्यापूर्वी वर्ग करून घ्यावे लागते. उद्यम नोंदणीही नव्या नावाने करावी लागते.

टर्नरच्या हाती

पुष्कळदा खरा लायक उत्तराधिकारी कुटुंबाबाहेरचा, म्हणजे तो जुना टर्नर असतो. त्याच्याजवळ कसब आहे, ग्राहक त्याला ओळखतात; भांडवल मात्र नाही. यंत्रे त्याला हप्त्याने विकून शेड भाड्याने देणे हा मार्ग अशा वेळी उभयपक्षी सोयीचा ठरतो. भागीदारी करावयाची असल्यास १९३२च्या भागीदारी कायद्याची मर्यादा ओळखून करावी. दोनच भागीदार असतील तर एकाच्या मृत्यूबरोबर भागीदारी संपते, करारात काहीही लिहिलेले असो. म्हणून मिस्त्रींचा हिस्सा कसा व किती हप्त्यांत फेडावयाचा हे आधीच ठरवावे लागते. वर्कशॉप बंदच करावयाचे असेल, तर कामगाराचे देणे प्रथम भागवावे. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात पाच वर्षांच्या सेवेनंतर दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाप्रमाणे ग्रॅच्युइटी द्यावी लागते. लहान शेडला हे बंधन नसले, तरी वीस वर्षांच्या सोबत्यास एका पंधरवड्याच्या पगारावर निरोप देणे शोभत नाही.

एखादा लेथ शाळेस द्यावा, असेही अनेकांच्या मनात येते. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पाबळ येथे स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाने हाताने काम करीत शिकण्याची वाट ग्रामीण शाळांना दाखविली आहे, तेव्हा कल्पना उत्तमच. परंतु थ्री-फेज वीज, चकवरील संरक्षक झाकण आणि लेथ जाणणारा शिक्षक यांवाचून ते दान पोत्याखाली झाकून राहते. मुख्याध्यापकांनी संकोच न करता या तिन्हींविषयी आधी बोलून घ्यावे. त्यापेक्षा व्हर्निअर, मायक्रोमीटर, फाइली व एक बाकव्हाइस यांचा संच शाळेच्या अधिक उपयोगी पडतो.

शेड रिकामी करताना वापरलेले तेल गटारात ओतू नये. २०१६च्या घातक कचरा नियमांनुसार ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावयाचे असते.

राहता राहिले स्वतः मिस्त्री. पन्नास वर्षे सकाळी आठला शेड उघडणाऱ्या माणसाला ‘आता आराम करा’ असे सांगणे सोपे, पण त्याने काहीच साधत नाही. नव्या चालकाशी करार करताना त्यांच्या येण्याजाण्याची सोय त्यातच लिहून ठेवता येते: सकाळचे दोन तास, मापे तपासण्याचे काम आणि त्याबद्दल ठरावीक मानधन. एक मर्यादा मात्र आरंभीच सर्वांनी मिळून ठरवावी. नजर मंदावल्यावर आणि हात कापू लागल्यावर फिरत्या चकजवळ उभे राहावयाचे नाही. मायक्रोमीटरचे टेबल खिडकीशी, उजेडात मांडावे.