नवं स्वादुपिंड, तरी शुगर जास्त?

१७ डिसेंबर १९६६. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात विल्यम केली आणि रिचर्ड लिलेहाय यांनी २८ वर्षांच्या एका मधुमेही स्त्रीला मूत्रपिंडासोबत स्वादुपिंडाचा तुकडा बसवला. जगातलं हे पहिलं स्वादुपिंड प्रत्यारोपण. तिचं इन्सुलिन बंद झालं, पण थोडेच दिवस. पुन्हा सुई आली. स्टिरॉइडचे जबर डोस हे त्याचं एक कारण मानलं जातं. अवयव टिकावा म्हणून दिलेलं औषधच त्याच्या मुळावर उठलं होतं.

ही ओढाताण अजून संपलेली नाही. स्टिरॉइडमुळे यकृत रक्तात जास्त साखर सोडतं आणि स्नायू ती घ्यायला कुरकुरतात. हाच इन्सुलिन-प्रतिरोध. अवयव टिकावा म्हणूनच देतात त्या टॅक्रोलिमसची तऱ्हा निराळी. जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं हे औषध इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींचाच हात आखडतं. एकानं मागणी वाढवायची, दुसऱ्यानं पुरवठा तोडायचा!

जोडणीचाही घोळ आहे. मूळ स्वादुपिंडाचं इन्सुलिन आधी यकृतात जातं आणि जवळपास निम्मं तिथेच संपतं. नवं स्वादुपिंड बहुधा ओटीपोटात बसवून पायाकडून येणाऱ्या मोठ्या शिरेला जोडतात. (जुनं काढत नाहीत, पाचकरसाचं काम ते करतच असतं.) मग इन्सुलिन यकृताला वळसा घालून अंगभर फिरतं. उपाशीपोटीची शुगर नॉर्मल, पण रक्तातलं इन्सुलिन चढं. हा आकडा पाहून लगेच प्रतिरोधाचा शिक्का मारणं चूकच.

पुढे कधी शुगर वाढली, की रुग्णाला वाटतं, अवयव गेला. तसं असेलच असं नाही. इथे सी-पेप्टाइडची तपासणी कामी येते. शरीरात इन्सुलिन तयार होताना हा तुकडा सुटतो. टोचलेल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. तो भरपूर असूनही शुगर जास्त असेल, तर ग्रंथी राबते आहे, अंगच दाद देत नाही. वाढलेलं वजन आणि स्टिरॉइडकडे बघायचं. मात्र मूत्रपिंड मंदावलं असेल तर सी-पेप्टाइड रक्तात साचतं आणि आकडा फसवतो.

सी-पेप्टाइड घसरत असेल तर गोष्ट गंभीर. शरीर अवयव नाकारत असेल, किंवा जुना टाइप-१ मधुमेह परतला असेल. मिनेसोटातच काही रुग्णांना एकसारख्या जुळ्या भावंडाच्या स्वादुपिंडाचा भाग बसवला होता. परकेपणाचा प्रश्नच नव्हता, तरी त्यांच्या प्रतिकारशक्तीनं नव्या बीटा पेशीही संपवल्या. अवयव नाकारला जाताना मात्र लायपेज हे पाचक विकर बहुधा आधी वाढतं. शुगर चढेपर्यंत बऱ्याच बीटा पेशी गेलेल्या असतात, म्हणून डॉक्टर नुसत्या ग्लुकोमीटरवर विसंबत नाहीत.